खिशातला पगार की हातातला हुन्नर?

दहावी-बारावीचे निकाल लागले की नांदेड-लातूरच्या आपल्या वस्त्यांमधून दोन तऱ्हेची बोलणी कानावर येऊ लागतात. एक, "लेकराला शिकवायचंय, पण संगं संगं कुठंतरी कामाला चिकटवून द्या, चार पैसे सुटतील." दुसरे, "कंपनीत ट्रेनिंगला घेतायत म्हणं. पण त्यात हाती काय येतंय? त्यापरीस दुकानात बरं." पहिले बोलणे बहुधा वडिलांचे असते आणि दुसरे आईचे, कारण महिनाअखेरीस डब्यात पीठ किती उरले हे तिलाच ठाऊक असते. विहाराच्या ओट्यावर, जयंतीच्या वर्गणीच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारला गेला आहे की एकदा तो या पानावर सविस्तर मांडावा असे वाटले.

प्रश्न दिसायला साधा आहे. शिकत असताना मिळेल ती अर्धवेळ नोकरी धरावी, की आपल्या विषयाशी जोडलेले तांत्रिक प्रशिक्षण, ज्याला आपले लोक 'अप्रेंटिस' म्हणतात आणि कॉलेजात आता 'इंटर्नशिप' म्हणतात, ते पदरात पाडून घ्यावे? पहिल्यात आजची भाकरी आहे, दुसऱ्यात उद्याची. पण उद्याच्या भाकरीने आजचे पोट भरत नाही, हे हमाली, बांधकाम आणि धुणीभांडी करून लेकरे शिकविणाऱ्या आपल्या माणसांइतके दुसऱ्या कोणाला कळणार? म्हणून "नोकरी नको, फक्त शिका" असा कोरडा उपदेश आम्ही येथे करणार नाही. असा उपदेश करणाऱ्याचे घर बहुधा पगारावर चाललेले असते.

बाबासाहेबही अर्धवेळ शिकवीत होते

अर्धवेळ काम म्हणजे कमीपणा, असे मानणारी काही मुले आपल्यात तयार झाली आहेत. त्यांनी परमपूज्य बाबासाहेबांच्या उमेदवारीच्या वर्षांकडे जरूर पाहावे. १९१७ साली बडोद्याची नोकरी अपमान सोसून सोडावी लागली आणि बाबासाहेब मुंबईला परतले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाने त्या काळात खासगी शिकवण्या केल्या. शेअर-बाजाराच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढीही काढली; पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. त्या पगारातून पै-पै शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. इकडे माता रमाईने काय काय सोसले ते आपल्या घराघरांतल्या आयाबहिणींना सांगावे लागत नाही.

बॅरिस्टर होऊन परतल्यावर तरी सुख होते काय? वकिली जम धरीत नव्हती. अस्पृश्य वकिलाला खटला कोण देणार? तेव्हा १९२५ ते १९२८ या काळात बाबासाहेब मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ शिकवीत होते. विषय कोणता? व्यापारी कायदा. आमच्या मते साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली येथेच आहे. पोटासाठी अर्धवेळ काम त्यांनी केले, पण ते काम आणि त्यांचा पेशा यांचा धागा एकच होता. वर्गात कायदा शिकविणारा माणूस दुपारी कोर्टात कायदाच मांडीत होता. म्हणजे नोकरी अर्धवेळ आहे की पूर्णवेळ, हा मुद्दा दुय्यम. ती नोकरी आपल्या विद्येच्या बाजूने ओढते की विद्येपासून दूर नेते, हे पाहायचे.

याच जाणिवेतून १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले तेव्हा तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. दिवसा कचेरीत, कारखान्यात राबणाऱ्या मुलालाही पदवी घेता यावी, हा त्यामागचा हेतू. आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज सुरू झाले, तेव्हा निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यातील आपल्या पहिल्या पिढीला दार उघडले. नांदेड, लातूर, बिलोली, उदगीरकडची किती घरे त्या दारातून वर आली ते वाचकांनी आपापल्या घरात विचारून पाहावे.

खाते कोणते, हा खरा प्रश्न

जुन्या मुंबईच्या कापड गिरण्यांची एक गोष्ट नव्या पिढीला ठाऊक नसते. गिरणीत आपली माणसे हजारोंनी होती, पण विणाई खात्यात त्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला इतर कामगार हात लावीनात. विणाई खात्याचा पगार मात्र गिरणीत चांगला होता! म्हणजे गिरणीत प्रवेश होता, कष्ट करण्याची मुभा होती. जेथे हुन्नर होता आणि हुन्नराचे मोल होते, त्या खात्याचे दार तेवढे बंद. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता.

पुढे १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी सरकारला जे निवेदन दिले त्यात केवळ शिष्यवृत्त्यांची मागणी नव्हती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने येथे आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेऊन तांत्रिक शिक्षण द्यावे, असेही त्यांनी मागितले होते. आज रेल्वेत अप्रेंटिसचा अर्ज भरणाऱ्या आपल्या किती मुलांना हे माहीत असेल?

आता हीच फूटपट्टी आजच्या बाजारपेठेला लावून पाहा. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत कामाला असलेली आपली मुले आम्ही पाहतो. बरीचशी दुकानाच्या मागच्या बाजूला असतात. माल उतरविणे, गोदाम लावणे, डिलिव्हरी पोहोचविणे. गल्ल्यावर, हिशेबाच्या वहीवर, माल खरेदीच्या बोलण्यात ती क्वचितच दिसतात. तीन वर्षे कपड्याच्या दुकानात काढलेल्या मुलाला कापडाचा धंदा येत नाही. त्याला गठ्ठे उचलता येतात. दोष त्याचा नाही. त्याला जे खाते मिळाले त्या खात्यात शिकण्यासारखे तेवढेच होते.

तरीही अर्धवेळ कामाला सरसकट नावे ठेवणे आम्हाला मान्य नाही. वेळेवर हजर राहणे, अनोळखी माणसाशी न बुजता बोलणे, हिशेब चोख ठेवणे, मालक रागावला तरी डोके शांत ठेवणे हे वर्गात कोणी शिकवीत नाही. वस्तीतून थेट पुण्याच्या कंपनीत गेलेली हुशार मुले केवळ बुजरेपणामुळे मागे पडतात, आणि मेडिकलच्या दुकानात दोन वर्षे उभा राहिलेला सामान्य गुणांचा मुलगा मुलाखतीत धडाधड बोलतो, हेही आम्ही पाहिले आहे. त्यातून तो मुलगा औषधनिर्माणशास्त्राची पदविका करीत असेल तर दुधात साखरच. वीजतंत्रीचा कोर्स करणाऱ्याने संध्याकाळी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसावे. आपल्या मराठवाड्यात उन्हाळा लागला की विहिरी-बोअरच्या मोटारी धडाधड जळतात. त्या दोन महिन्यांत हात जितका बसतो तितका एरवी वर्षात बसत नाही. वाणिज्य शाखेच्या मुलीने झेरॉक्सच्या दुकानाऐवजी कर सल्लागाराच्या कचेरीत थोड्या कमी पैशांवर काम धरले तरी चालेल. लग्नसराईत केटरिंगला गेले तर चार दिवसांचे पैसे मिळतात, पण त्यातून पुढे काय? फारतर पुढच्या लग्नसराईचे बोलावणे!

अप्रेंटिस म्हणजे फुकट राबणे नव्हे

आपल्या लोकांत एक मोठा गैरसमज पसरला आहे की ट्रेनिंग म्हणजे बिनपगारी वेठ. तो काढून टाकला पाहिजे. आपल्या देशात १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा स्वतंत्र कायदा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली आणि पदवी-पदविकाधारक अभियंतेही कायद्यात आले. म्हणजे आरक्षण फक्त नोकरीत आणि प्रवेशात नाही, शिकाऊ उमेदवारीतही आहे. ही गोष्ट आपल्या सुशिक्षित घरांतूनही कोणाला माहीत नसते.

या कायद्याने शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी ते शिक्षणाप्रमाणे दरमहा किमान ५ हजार ते ९ हजार रुपये ठरविले. त्यात आयटीआय उत्तीर्णाला ७ हजार, पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला ९ हजार. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ६,८०० ते १२,३०० पर्यंत वाढविण्याची शिफारस केली. ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे कामाला आहेत तिने मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असाही नियम आहे. शिकाऊ उमेदवाराकडून सल्लागार अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून जादा तास काम करून घेता येत नाही. त्याला नगावर पैसे देता येत नाहीत. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. दुकानातल्या अर्धवेळ कामात यातले काय असते? मुलगा मोटारसायकलवरून डिलिव्हरीला जाताना पडला, तर दवाखान्याचे बिल घरच्यांनीच भरायचे.

आता हिशेब मांडू. समजा, आयटीआय झालेल्या एका मुलाला दुकानात महिना ८ हजार मिळतात आणि दुसऱ्याला वर्षभराच्या अप्रेंटिसमध्ये ७ हजार. वर्षाला फरक पडला १२ हजारांचा. रक्कम लहान नाही. आपल्या घरात तेवढ्यात दोन लेकरांची वह्या-पुस्तके आणि आजीचे औषधपाणी होते. पण वर्ष संपल्यावर दुसऱ्याच्या हाती अखिल भारतीय परीक्षेचे प्रमाणपत्र असते आणि पहिल्याच्या हाती मालकाची ओळख. मालकाने दुकान मुलाकडे सोपविले की ती ओळखही संपते.

पण नोकरीची हमी नाही, हेही ऐका

येथे आम्हाला गोड बोलून फसवायचे नाही. अप्रेंटिस केले म्हणजे तेथेच नोकरी मिळालीच, असे कायदा म्हणत नाही. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, तो प्रशिक्षणार्थी, आणि त्याला कायम करण्याचे बंधन मालकावर नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात एवढे मात्र सांगितले की इतर पात्रता सारखी असेल तर थेट आलेल्या उमेदवारापेक्षा शिकाऊ उमेदवारी केलेल्याला पसंती द्यावी. रेल्वेने पुढे प्रथम स्तराच्या पदांपैकी २० टक्के जागा रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी राखल्या. तेवढ्यावर विसंबून बसू नये, पण ते हातचे सोडूही नये.

आमच्या दोन जिल्ह्यांत संधी कोठे आहे? नांदेड हा दक्षिण मध्य रेल्वेचा विभाग आहे, मुख्यालय सिकंदराबादला. तिकडच्या अप्रेंटिसच्या जाहिराती तेलुगू मुलखात आधी फिरतात आणि आपल्या वस्तीत शेवटच्या तारखेला पोहोचतात. निवड लेखी परीक्षेवाचून, दहावी व आयटीआयच्या गुणांवर होते आणि आपल्या मुलांना अर्जाचे शुल्क नसते. म्हणजे दहावीत पाच टक्के जास्त मिळविलेल्याला येथे सोन्याचा भाव. राज्य परिवहन महामंडळाच्या नांदेड आणि लातूर विभागांत मोटार मेकॅनिक, शीट मेटल, वीजतंत्री असे शिकाऊ उमेदवार घेतले जातात. महावितरणची नांदेड आणि लातूर परिमंडळे वीजतंत्री व तारतंत्री घेतात. २०२३ च्या अखेरीस महावितरणने विद्युत सहायकांच्या ५,३४७ पदांची जाहिरात काढली तेव्हा याच दोन व्यवसायांचे आयटीआय प्रमाणपत्र मागितले होते. ज्यांनी खांबावर चढून वर्ष काढले होते त्यांना त्या जाहिरातीतला शब्द न् शब्द कळत होता.

लातूरला हरंगुळजवळ मराठवाडा रेल्वे कोच कारखाना उभा राहिला. २०१८ मध्ये पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. आता वंदे भारतचे डबे बांधण्याचे काम एका रशियन कंपनीच्या भागीदारीत त्याच कारखान्याकडे आले आहे. दाराशी आलेल्या कारखान्यात आपली मुले वेल्डर, फिटर म्हणून आत जाणार की फाटकाशी चहाची गाडी लावणार, हे आजच्या आयटीआयच्या प्रवेश अर्जावर ठरते आहे. चहाची गाडी लावण्यात लाज नाही. पण निवड आपली असावी, नाइलाज नसावा. नांदेडकरांना उस्मानशाही मिल आठवत असेल. ती बंद पडली तेव्हा ज्यांच्या हातात हुन्नर होता ते कोठेतरी लागले. बाकीच्यांच्या मुलांना रिक्षा धरावी लागली.

खोट्या इंटर्नशिपचा बाजार

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर कला-वाणिज्याच्या अभ्यासक्रमांतही प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले. तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकीत ते आधीपासून आहे. त्यातून एक नवा धंदा निघाला आहे. पैसे भरा, घरबसल्या प्रमाणपत्र घ्या! कागदावर सोनेरी अक्षरे, खाली दोन सह्या, आणि मुलाने कामाचे तोंडही पाहिलेले नसते. आपल्या गरीब घरातील मुले असे प्रमाणपत्र घ्यायला दोन-तीन हजार रुपये मोजतात, तेही आईने बचत गटातून उचललेले. आमचे स्पष्ट मत आहे: जेथे शिकणाऱ्याकडून पैसे मागतात ती इंटर्नशिप नव्हे, तो प्रमाणपत्राचा बाजार आहे. मुलाखतीत एकच प्रश्न विचारतात, "तिथे तू स्वतःच्या हाताने काय केलेस?" त्याला सोनेरी अक्षरे उत्तर देत नाहीत.

खरे प्रशिक्षणसुद्धा कधीकधी केवळ झाडलोट आणि चहा आणण्यात संपते, ही तक्रार खरी आहे. आडनाव विचारून काम वाटणारे फोरमनही आहेत. अशा वेळी गप्प बसून वर्ष घालवू नये. कायद्याने उमेदवाराने रोजच्या कामाची नोंद ठेवायची असते. ती प्रामाणिकपणे ठेवावी. "आज दिवसभर गोदाम झाडले" असे तीन आठवडे लिहिलेले असेल तर सल्लागार अधिकाऱ्यापुढे तो कागदच बोलतो.

सरकारी योजनांविषयीही दोन शब्द. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६, आयटीआय-पदविकेला ८ आणि पदवीला १० हजार रुपये महिना. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये ती आणखी पाच महिने वाढली. शिक्षण चालू असलेल्याला ती नाही. ज्यांनी ग्रामपंचायतीत, शाळेत, कचेरीत अकरा महिने काढले त्यांनी कायम करा म्हणून आंदोलने केली. आमची त्यांना सहानुभूती आहे. परंतु नव्याने जाणाऱ्याने आधीच विचारावे की तेथे आपण काय शिकणार? अभियांत्रिकीच्या पोराने तलाठ्याच्या कचेरीत उतारे छापण्यात वर्ष घालविले तर पैसे मिळतील, हुन्नर मिळणार नाही.

मुलींचे काय?

मुलीला अर्धवेळ नोकरी म्हटली की घरात चालते: शिकवणी, शिवणकाम, कापडाच्या दुकानात काउंटर. कारखान्यात प्रशिक्षण म्हटले की बापाच्या कपाळाला आठी पडते. "रात्री-अपरात्री यायचं, कोण सोबतीला जाणार?" काळजी खोटी नाही. पण लातूरला मुलींसाठी शासकीय निवासी तंत्रनिकेतन आहे, हे किती पालकांना माहीत आहे? आपल्या मुलीने वीजतंत्री व्हावे, संगणकाची दुरुस्ती शिकावी, मशीनवर उभे राहावे, यात गैर काय? रमाबाईंच्या आणि सावित्रीमाईंच्या लेकींनी शिकायचे तर ते फक्त डी.एड. आणि नर्सिंगच, असे कोणी ठरविले? या दोन्ही पेशांविषयी आम्हाला आदर आहे, पण डी.एड. करून घरी बसलेल्या मुली नांदेडच्या प्रत्येक वस्तीत मोजून दाखविता येतील. एक मुलगी एकटी जायला भीत असेल तर वस्तीतल्या चौघींनी मिळून एकाच ठिकाणी अर्ज करावा. महिला मंडळाने हे काम अंगावर घेतले तर वर्षावासातील प्रवचनाइतकेच ते मोलाचे होईल.

मग करायचे तरी कसे?

आम्हाला विचाराल तर दोन्ही करावे, पण क्रम सांभाळून. शिकत असताना दिवसाला तीन तासांहून जास्त काम नको, आणि तेही विषयाच्या जवळचे. ७५ टक्के हजेरीचा नियम विसरून चालणार नाही. हजेरी गेली की शिष्यवृत्ती अडकते, आणि दुकानातून मिळविलेले शिष्यवृत्तीत गमावले असा उफराटा हिशेब होतो. ज्यांना वसतिगृह मिळाले नाही त्यांनी स्वाधार योजनेचा अर्ज भरलाच पाहिजे. पैसे उशिरा येतात, हे खरे आहे. पण अर्जच नसेल तर उशिरासुद्धा येत नाहीत. विद्यापीठाच्या आणि कॉलेजांच्या 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयात, प्रयोगशाळेत काम मिळत असेल तर ते बाहेरच्या दुकानापेक्षा केव्हाही बरे, कारण तेथे परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मागितली म्हणून कोणी काढून टाकीत नाही. मग शिक्षण पूर्ण होताच वर्षभराची शिकाऊ उमेदवारी. त्या एका वर्षात जादा पैशांच्या मोहाने मधेच सोडून चाकणला पळू नये. अर्धवट सोडलेल्या अप्रेंटिसला कोणी विचारीत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तेव्हा आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, असे समजणाऱ्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग स्वतःच्या निर्वाहासाठी, दोन भाग उद्योगात घालण्यासाठी आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी. विद्यार्थ्याकडे मिळकत नसते, वेळ असतो. त्या वेळेचे दोन भाग हुन्नरात गेले पाहिजेत, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. भन्तेजींनी आमची चूक दाखवून दिली तर ती मान्य करू.

आता कागदपत्रांचे. जातीचा दाखला मराठी नमुन्यातला असून भागत नाही. रेल्वेसारख्या केंद्राच्या ठिकाणी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, परंतु दाखल्यावर त्याप्रमाणे नोंद नसेल तर अर्ज बाजूला पडतो. जाहिरात आल्यावर तहसीलला धावण्यापेक्षा आधीच तो काढून ठेवावा. लातूर जिल्ह्यातील १९९३ च्या भूकंपात ज्यांची घरे गेली त्यांनी भूकंपग्रस्ताचा दाखलाही सांभाळून ठेवावा. राज्याच्या नोकरभरतीत तो आजही उपयोगी पडतो. आयटीआय झालेल्यांची नोंदणी 'अप्रेंटिसशिप इंडिया' या सरकारी संकेतस्थळावर होते, पदवी-पदविकेची नोंदणी स्वतंत्र आहे. ज्यांना संगणक जमत नाही त्यांनी नांदेड किंवा लातूरच्या शासकीय आयटीआयमधील मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रात जाऊन विचारावे. चौकशीला पैसे पडत नाहीत.

आणि कंपनीने घेतलेच, तर करारनामा मागून घ्या. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर त्यावर आई-वडिलांची सही लागते. सही करण्याआधी व्यवसायाचे नाव, मुदत आणि विद्यावेतनाचा आकडा मोठ्याने वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचवून घ्यावा, आणि एक प्रत घरच्या पेटीत दाखल्यांजवळ ठेवावी.